दोन ठोक्यांची जागा

मंगळवार, ४ मार्च. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं

हीच ती वेळ. स्टुडिओतल्या घड्याळात मुद्दाम बघून ठेवली. सख्ख्या भाच्यानं, न विचारता, माझ्या कानांवर हेडफोन चढवले आणि ते गाणं लावलं!

त्याचा रॉक बँड जुन्या गाण्यांचा अल्बम करतोय. दहा गाणी, दहाही दुसऱ्यांची. स्वतःचं एक सुचत नाही मेल्यांना! दहावं आम्हा बहिणींनी शाळेच्या समारंभात म्हटलेलं. टेप धाकटीनं — म्हणजे त्याच्या आईनं — जपली होती म्हणे.

"मावशी, कव्हरवर तुझं नाव! शब्द तुझे, चाल तुझी."

"आधी ते केस काप," म्हणाले. दुसरं काय बोलणार?

बुधवार, ५ मार्च

दिवसभर कानात तेच गाणं.

गुरुवार, ६ मार्च

न राहवून पुन्हा गेले. यांचं काम म्हणजे टेपमध्ये असेल ते हुबेहूब उचलायचं. शेवटच्या कडव्याआधी दोन ठोके सगळं गप्प होतं — तेसुद्धा! ड्रमवाला काठ्या हवेत धरून श्वास रोखून बसतो.

"मावशी, ही जागा सुचली कशी हो?" गिटारवाला म्हणाला. "अंगावर काटा येतो!"

सुचली कसली! मायक्रोफोन एकच होता. त्या दोन ठोक्यांत मी धाकटीला कोपरानं बाजूला सारलं. शेवटचं कडवं एकटीनं म्हटलं. मग आमच्या मुख्याध्यापिका मदरनी विचारलं, गाणं कोणी रचलं? हात मी वर केला. रचणारी माझ्या शेजारी उभी होती. पंधरा वर्षांची. तिनं तोंड उघडलं नाही. पुन्हा कधी एक ओळही रचली नाही.

आणि मी? चौतीस वर्षं शिकवलं. कॉपी करणाऱ्या मुलींना वर्गाबाहेर काढलं!

शनिवार, ८ मार्च

भाच्याला दटावलं — ती रिकामी जागा भरून टाका. चूक आहे ती.

"आधी आम्ही भरणारच होतो गं. पण आई अडून बसली. म्हणाली, बाकी काय हवं ते करा, तेवढी जागा भरू नका. ती ताईची आहे."

तडक जिना उतरले.

रविवार, ९ मार्च

धाकटीला फोन केला. तिनं उचलला, आणि मी म्हणाले, "मुलगा वाळलाय तुझा."

"एवढ्यासाठी फोन केलास, ताई?"

"मग कशासाठी करणार?"

ती "बरं" म्हणाली.

भेकड म्हातारी!

सोमवार, १० मार्च

भाच्याला पत्र टाकलं. रजिस्टर्ड. नक्कल इथे उतरवते:

'गाणं तुझ्या आईचं आहे. शब्द आणि चाल, दोन्ही. मी ते चोरलं, आणि तिला ठाऊक आहे. कव्हरवर माझं नाव छापलंत तर मी तुमच्यावर दावा लावीन. नाव बदलल्याचं शुक्रवार, १४ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळव. फोन करू नकोस. तुझा आवाज अगदी तिच्यासारखा आहे.'