आय ॲम कमिंग

३ फेब्रु. ८६, सोम.
कंपनीच्या पॅकिंगमधून सुटले ती थेट मुलुंडच्या आमच्या बुद्धविहाराच्या हॉलवर. इंग्रजी बोलायचा क्लास, पहिला दिवस. कांबळेबाई लातूरकडच्या, दिवसा शाळेत शिकवतात. फळा आहे, पण बाई त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. आम्हा चौदा जणांना गोल बसवलं, हातात लोकरीचा गुंडा. गुंडा येईल त्याने काल काय केलं ते सांगायचं. मी ठोकून दिलं, "आय डिड वेन्ट मार्केट." बाई म्हणाल्या, "मी न्हाई सांगणार. गोलानं सांगायचं." तिघांनी मिळून वाक्य सरळ केलं. लाज वाटली नाही, याचंच नवल.

५ फेब्रु., बुध.
कंपनीत फोन ऑपरेटरची जागा निघालीय. इंटरव्ह्यू २० ता., इंग्रजीत. सहा वर्षं खोकी चिकटवली, आता मला ती खुर्ची हवी. हवीच. हे म्हणाले, "हॅलोच्या पुढे काय बोलशील?" म्हणू देत. बाईंच्या कानावर घातलं. त्या फक्त म्हणाल्या, "मग सोमवारी फोन."

१० फेब्रु., सोम.
फोन म्हणजे दोन खुर्च्या, पाठीला पाठ लावून. तोंड दिसायचं नाही, नुसतं ऐकून बोलायचं. माझ्या पाठीला गोलातले सावंत टेलर. ते साहेबांना मागतात, मी "प्लीज होल्ड ऑन" म्हणत हातवारे करतेय. बाई म्हणाल्या, "हात खाली. फोनला हात दिसत न्हाईत." काय डोकं आहे बाईचं! शाळेत सात वर्षं इंग्रजी घोकलं, त्यात नाही आलं ते अर्ध्या तासात आलं.

१४ फेब्रु., शुक्र.
दाराचा खेळ. उठायचं, चालायचं, दाराबाहेर जायचं आणि जे करतोय ते बोलत राहायचं. आय ॲम स्टँडिंग, आय ॲम वॉकिंग, सगळं झकास. उंबऱ्यावर आले आणि "आय ॲम कमिंग." गोल हसला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच! शेवटी सांगून टाकलं. आई अजून म्हणते, "तुझो बापूस 'जातंय' म्हणान गेलो, तो इलोच नाय." माझ्या तोंडून 'जाते' निघतच नाही, कुठल्याच भाषेत. बाई म्हणाल्या, "घरी येते म्हणा, हापिसात गोइंग म्हणा. इंग्रजीला अपशकुन कळत न्हाई." हसता हसता डोळे भरून आले माझे.

२० फेब्रु., गुरु.
झाला इंटरव्ह्यू. हात मांडीवर घट्ट. साहेब विचारत गेले, मी बोलत गेले, 'डिड वेन्ट' एकदाही नाही. "यू मे गो." उठले, दारापर्यंत नीट गेले. आणि तोंडातून, "आय ॲम कमिंग, सर."
साहेबांनी मान वर केली. "व्हेन?"
वाट लागली! पण गुंडा हातात आल्यावर गप्प बसायचं नाही, ही बाईंनी लावलेली सवय. म्हटलं, "मंडे, सर."
साहेब हसले की नाही ते कळलं नाही. कागदावर काहीतरी लिहिलं. कळवतो म्हणाले.

२१ फेब्रु., शुक्र.
क्लासमध्ये सगळं सांगितलं. सावंत ओरडले, "अहो, गोइंग! गोइंग!" दोघी माझ्या बाजूने भांडल्या. बाई एवढ्या हसल्या की चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "व्याकरण चुकलं. पण घाबरला न्हाईत, ते मोठं." अशी बाई आधी भेटायला हवी होती.
क्लास सुटला. बाईंनी पर्स उचलली, दाराशी वळल्या. "येते हं."
अख्खा गोल ओरडला, "व्हेन?"
"मंडे!"

२३ फेब्रु., रवि.
अजून काही कळवलेलं नाही. चांगल्यातली साडी इस्त्री करून ठेवली. हे बघत होते. कंपनीला दोन दारं, डावीकडचं पॅकिंगचं, उजवीकडचं ऑफिसचं. उद्या घरातून निघताना काय म्हणायचं ते ठरलंय. कुठल्या दाराने आत जायचं ते अजून नाही.