दोनशे बारा तासांचा विज्ञानशिक्षक

१२ जून

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर तू दर वाक्याला ‘बरं बरं’ म्हणतोस आणि मला वाटतं तुला पटलं. कागदावर तुला मधे बोलता येत नाही.

शाळा सुरू झाली. प्रयोगशाळेला नवं कुलूप बसलं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात गेली. आता कपाटातून आम्ल काढायच्या आधी मुख्याध्यापकांना मीटिंगमधून काढावं लागतं. सूक्ष्मदर्शक प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवला आहे, कारण वापरला की खराब होतो म्हणे.

आता खरी गोष्ट. विज्ञानसंस्थेचं पत्रक आलं आहे. ऑक्टोबरात चार आठवडे त्यांच्या प्रयोगशाळेत राहून काम करायचं. भाषणं नाहीत. प्रत्येक शिक्षकानं स्वतःचा एक प्रश्न न्यायचा आणि तिथल्या माणसांबरोबर त्याच्या हात धुऊन मागे लागायचं. माझा प्रश्न तुला पाठ आहे. नऊ वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलीनं विचारलं होतं, मिठाचं पाणी बशीत वाळलं की मीठ कडेलाच का जमतं, मधे का नाही. पुस्तकात उत्तर नव्हतं, मला येत नव्हतं. तेव्हापासून खिडकीत बशा मांडते आहे. तीन वह्या भरल्या. ती मुलगी एव्हाना नोकरीला लागली असेल.

तू म्हणशील, प्रशिक्षणं काय कमी आहेत? तुझ्याच शिक्षण कार्यालयाच्या कृपेनं वर्षाला सहा होतात. ‘अनुभवातून शिक्षण’ हा विषय दिवे घालवून, पडद्यावरचा मजकूर चार तास वाचून दाखवून शिकवतात. मग टाळ्यांचा खेळ. मग गटागटानं झाडाचं चित्र काढून पानापानावर मूल्यं लिहायची. घरबसल्या अभ्यासक्रमाचं तर विचारूच नकोस. व्हिडिओ पुढे ढकलता येत नाही, म्हणून लोक तो लावून कपडे वाळत घालतात, आणि शेवटच्या चाचणीत उत्तर कायम ‘वरीलपैकी सर्व’. गेली तीन वर्षं मी शहाणपणा केला आहे. बोलावणं आलं की मुख्याध्यापकांना सांगते, माझे प्रयोग बुडतात, दुसऱ्या कुणाला पाठवा.

संस्थेत मात्र मला जायचंच आहे. जिल्ह्याला जागा एक, वय पन्नासच्या आत, आणि जानेवारीत माझी पन्नाशी पूर्ण होते. म्हणजे ही शेवटची गाडी. वशिला नको, लावलास तर वहिनीकडे तक्रार करीन. निवड कशावर होते तेवढं सांग.

लोभ आहेच, उत्तराची घाई असावी.
तुझी धाकटी


२० जून

चि. धाकटीस, अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझ्या वहिनीनं ते दोनदा मोठ्यानं वाचलं, झाडाच्या पानांचा मजकूर तीनदा, आणि दर वेळी माझ्याकडे बघून. तिचा गुडघा बरा आहे. जिना चढते आता, त्यामुळे मला गच्चीवरही लपायची सोय उरली नाही.

निवडीबद्दल निर्धास्त राहा. पूर्वी ती जागा साहेबांच्या ओळखीत जायची. एका वर्षी साहेबांचा भाचा गेला, तो भूगोल शिकवायचा. यंदापासून कार्यालयातल्या एका समंजस माणसानं नियम करून घेतला आहे की सगळं आकड्यावर. मुलाखत नाही, शिफारस नाही, कुणाचा फोन नाही. कोणता आकडा ते सख्ख्या बहिणीला आधी सांगणं बरं दिसत नाही. यादी लागली की जगाला कळेल.

प्रशिक्षणांवर एवढं तोंडसुख घेऊ नकोस. आखणाऱ्यालाही वरून पत्रकं येतात. एका सभागृहात सहाशे माणसं. प्रत्येकाच्या हातात परीक्षानळी कुठून द्यायची? तू येऊन बसली असतीस तर निदान कुणी प्रश्न तरी विचारला असता.

अर्ज वेळेत भर. फोटो ताजा लाव. मागच्या अर्जावरच्या फोटोत तू कॉलेजात जात होतीस.

आशीर्वाद भरपूर, राग बेताचा असावा.
दादा


९ जुलै

ती. दादास, सा. न. वि. वि.

यादी लागली. आमच्या शाळेला बहुमान मिळाला आहे. मुख्याध्यापकांनी फळ्यावर तीन रंगांच्या खडूंनी अभिनंदन लिहिलं. माझं नव्हे. आमच्या क्रीडाशिक्षकांचं.

पुन्हा वाचू नकोस, बरोबर वाचलंस. आम्ही त्यांना शिट्टीमास्तर म्हणतो. तीन वर्षांपूर्वी नव्या इमारतीसाठी मैदान खणलं, तेव्हापासून शाळेत रिकामे असे ते एकटेच. तुमच्या पत्रकात ‘शाळेतून एक शिक्षक’ एवढंच लिहिलेलं असतं. मी नाही म्हटलं की मुख्याध्यापक त्यांना धाडतात. परिणाम असा की विज्ञान प्रशिक्षणाचे दोनशे बारा तास मास्तरांच्या नावावर आहेत. चुंबकत्व, पेशी, आम्ल-आम्लारी, सगळ्यांची प्रमाणपत्रं, फाइलीत ओळीनं लावलेली. या तीन वर्षांत माझे तास अठरा, तेही घरबसल्या अभ्यासक्रमाचे. आणि निवड केली आहे ती फक्त तासांवर! तुम्ही कोणता विषय शिकवता, याला तुमच्या नमुन्यात रकानाच नाही. मास्तरांनी अर्जसुद्धा केला नव्हता. मुख्याध्यापकांनी परस्पर भरला, म्हणाले, एवढे तास आहेत ते वाया का घालवा?

मधल्या सुट्टीत मास्तर स्वतः माझ्याकडे आले. म्हणाले, बाई, मला त्या सगळ्यातलं एवढंच आठवतं की तिसऱ्या दिवशी पंखा चालू होता. चार आठवडे मी तिथे काय करू? त्यांच्यावर चिडायचा फार प्रयत्न केला, होईना. त्यांना मीच पाठवत होते.

म्हणजे माझा गुन्हा काय, तर मी वर्गात थांबले. चाळीस मुलं लिटमस बुडवत होती त्या तासांना तुमच्या दरबारी तास म्हणत नाहीत. सभागृहात डुलकी काढली की तो तास. हा नियम करणारा तुमचा समंजस माणूस कोण, ते मला कळव. त्याला एकदा माझ्या आठवीसमोर उभा करायचा आहे, किल्लीशिवाय.

लोभ सध्या तापलेला आहे, हात लावताना जपून.
धाकटी


१४ जुलै

चि. धाकटीस, अ. आ.

तुझं पत्र वहिनीच्या हाती लागू दिलं नाही.

एक वाट आहे. निवडीच्या आदेशात शेवटी एक ओळ आहे: निवडलेले शिक्षक येऊ न शकल्यास त्याच शाळेतील अन्य शिक्षक त्यांच्या नावे उपस्थित राहू शकतील. प्रशिक्षणांच्या पत्रकातली ओळ आहे, तशीच उतरवली गेली. तेव्हा मास्तरांना ऑक्टोबरात ताप येऊ दे आणि तू जा. गळ्यातल्या कार्डावर नाव त्यांचं असेल, प्रमाणपत्र त्यांचं असेल, पण चार आठवडे प्रयोगशाळा तुझी. तिथे कोण विचारायला बसलंय?

नियम करणाऱ्यानं भल्यासाठीच केला असेल. भाच्यापेक्षा आकडा बरा, असं वाटलं असेल त्याला. खुर्चीत कोण बसतं, ते त्याला कुणी कधी सांगितलं नसेल. सगळीकडे असंच चालतं का गं, की तुमच्याच शाळेत?

वहिनी विचारते, हल्ली माझं जेवण का कमी झालं आहे. उष्म्यामुळे, असं सांगितलं आहे.

आशीर्वाद आहेत. लवकर हो म्हण.
दादा


१९ जुलै

दादा, नमस्कार वगैरे.

मास्तर ताप आणायला एका पायावर तयार होते. वर खोकलाही काढू का, असं विचारत होते. पण मी जाणार नाही. जे दिसलं नाही ते निरीक्षणाच्या रकान्यात लिहायचं नाही, हे मी पंचवीस वर्षं मुलांच्या कानीकपाळी ओरडते आहे. शेजारच्या वहीतलं वाचन उतरवलं म्हणून एका पोराकडून सगळा प्रयोग पहिल्यापासून करून घेतला होता. ती मी आता महिनाभर गळ्यात दुसऱ्याचं नाव अडकवून फिरू?

दुसरं. नियमाचं मूळ पत्रक मी मुख्याध्यापकांकडून मागून घेतलं. दीड पानात ‘सबब’ चार वेळा आला आहे. असं लिहिणारा माणूस या पृथ्वीवर एकच. लहानपणी त्यानं आईला अर्ज दिला होता, सबब मला एक बिस्किट जास्त मिळावे. महिनाभर तू मला ‘समंजस माणूस’, ‘समंजस माणूस’ ऐकवत राहिलास. चुकलास त्याचं एवढं नाही रे. चूक माझ्याही पदरात आहे. पण लपलास, आणि लपल्या जागेवरून मला चोरवाट दाखवलीस.

मास्तरांनी काल तुमच्या कार्यालयाला पत्र टाकलं. मी विज्ञान शिकवत नाही, सर्व प्रशिक्षणांना बाईंच्या बदली बसलो, ही जागा मला नको. स्वतःच्या हातानं, चार ओळी, खाली सही. मुख्याध्यापक तेव्हापासून पाणी पीत आहेत. ज्या माणसाला आम्ही शिट्टीपुरता ओळखत होतो त्याला हे जमलं. आता तू लिही. नियम चुकीचा आहे, तो मी केला, तो बदला. खाली तुझी सही, समंजस माणसाची नव्हे.

लोभाचं त्यानंतर बघता येईल.
धाकटी


३ ऑगस्ट

चि. धाकटीस,

होय, मीच.

टिपण लिहिलं. सहा दिवस खिशात घेऊन फिरलो आणि सातव्या दिवशी साहेबांपुढे ठेवलं. बत्तीस वर्षांत ‘माझी चूक’ हे शब्द फाइलीवर पहिल्यांदाच लिहिले. कारकुनानं विचारलं, हे कोणत्या नमुन्यात बसतं?

त्याआधी न सांगता एका प्रशिक्षणाला जाऊन शेवटच्या रांगेत बसलो. आजूबाजूच्या पंधरा जणांना विचारलं. विज्ञान शिकवणारे चार. बाकीच्यांत एक ग्रंथपाल, एक चित्रकलेचे शिक्षक, आणि एक बाई तर शाळेच्या कचेरीतल्या होत्या. पडद्यावरचा मजकूर मी स्वतः तयार केलेला. दुपारी दोननंतर मलाही झोप लागली. पाच वर्षं मी याचे तास मोजत होतो.

साहेब पुष्कळ बोलले, ते लिहीत नाही. निवडीचं काम माझ्याकडून काढून घेतलं. पण नियम बदलला. पुढच्या वर्षापासून वर्गात विज्ञान शिकवणाराच अर्ज करील, तासांची अट गेली, आणि प्रत्येकानं आपला प्रश्न लिहून द्यायचा. यंदाची जागा यादीतल्या दुसऱ्या नावाला मिळाली. तुमच्याच गावातल्या दुसऱ्या शाळेत एक तरुण शिक्षिका आहे, विज्ञानाचीच. तू एक्केचाळिसावी होतीस. वयाची अट सैल करावी, असंही मी टिपणात लिहिलं होतं. साहेबांनी विचारलं, अर्जदारांत तुमचं कुणी आहे का? मी खरं सांगितलं. त्यांनी तेवढीच ओळ खोडली.

एकाच जागेवरून तुला मी दोनदा उठवलं. एकदा न बघता नियमावर सही करून, एकदा बघून टिपणावर.

वहिनीला सगळं सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही, आणि तुझ्या बाजूनं आहे हे तुला कळवायला सांगते.

तुझा दादा


१२ ऑगस्ट

ती. दादास, सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी एक बशी फोडली. मग लक्षात आलं, ती प्रयोगातली होती, तेराव्या दिवसाची.

खरं सांगितलंस ते बरं केलंस. पण माझा राग उतरला आहे अशा भ्रमात राहू नकोस. टाळ्यांच्या खेळाला सहाशे खुर्च्या, आणि खरं काही शिकायला अख्ख्या जिल्ह्यात एक! त्या एकीसाठी आम्ही एकमेकींच्या अंगावर जायचं, आणि वय झालं की तीही नाही. जणू पन्नाशीनंतर बाईला प्रश्न पडायचे थांबतात. हे कुणाच्या सहीनं झालं? याचं टिपण कुणी लिहायचं? तुझ्या त्या नव्या नियमानं हे काही बदललेलं नाही.

ती तरुण शिक्षिका शनिवारी शाळेत माझ्याकडे आली. नोकरीला दोन वर्षं झाली आहेत. तिच्याशी तुटक वागायचं मी घरून ठरवून निघाले होते. ती म्हणाली, बाई, संस्थेनं स्वतःचा प्रश्न आणायला सांगितलं आहे आणि माझ्याकडे प्रश्नच नाही. कॉलेजात सगळी वर्षं उत्तरंच दिली. मग चाचरत म्हणाली, तुमच्याकडे बशांचा एक आहे असं ऐकलं, तो नेला तर चालेल का?

दादा, क्षणभर वाटलं, देऊन टाकावा. माझं उत्तर तरी मिळेल. तरी नाही म्हणाले. प्रश्न उसना मिळत नसतो. तिला खिडकीपाशी बसवलं, बशा दाखवल्या आणि गप्प बसले, जे मला कसं जमतं ते तू जाणतोस. पाऊण तास ती नुसती बघत होती. मग तिनं विचारलं, काचेच्या बशीत मीठ कडेवर चढून पार बाहेरच्या अंगाला उतरलं आहे, ते स्टीलच्या ताटलीत का उतरलेलं नाही? नऊ वर्षं दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर शेजारी शेजारी आहेत. मला हे कधी दिसलं नव्हतं. मी तसं तिला सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते तुमच्या कुठल्या पडद्यावर येत नाही.

निघताना सवयीनं तिनं पिशवीतून तुमचा हजेरीचा कागद काढला आणि विचारलं, किती तास लिहू? मी म्हटलं, हे त्यात धरत नाहीत. तिनं कागद घडी करून आत ठेवला आणि विचारलं, मग पुढच्या शनिवारी किती वाजता येऊ?

ऑक्टोबरपर्यंत ती दर शनिवारी येणार आहे. सोबत तिच्या शाळेतले आणखी दोघे येतात म्हणाली. तूही ये. निवडीचं काम गेलं, तुझे शनिवार मोकळे झाले असतील. मोठी स्टुलं चारच आहेत, तेव्हा तुला उभं राहावं लागेल. बशा पुसायला एक माणूस हवाच आहे.

राग कायम, लोभही. दोन्ही घेऊन येणे.
तुझी धाकटी