यांगडोलचा चेहरा

लेह,
१९ जानेवारी २००२

डिस्केत आचे,

जुले. जम्मूत तुम्ही सगळे खुशाल असाल. तिकडच्या उन्हात भाऊजींचे गुडघे बरे राहतात असं ऐकलं. इथं नळ गोठलेत आणि विमान येईल तो दिवस खरा. आमच्या गल्लीतला फुंचोक जम्मूला निघालाय, त्याच्याच हाती हे पत्र देते आहे.

माझं अक्षर बघून, आणि सख्खी बहीण नसताना मी अजून तुला आचे, म्हणजे ताईच, म्हणते हे बघून तू दचकली असशील. इतक्या वर्षांत बाजारात समोरासमोर आलो तरी तू मान वळवून पलीकडच्या दुकानात गाजरांचा भाव विचारत उभी राहायचीस. मीही आज लिहिलं नसतं. पण तुझी यांगडोल माझ्याकडे आहे, आणि ते तुला माझ्याकडूनच कळावं अशी माझी इच्छा आहे.

घाबरू नकोस. ती आता बरी आहे.

लोसर, आपलं नवं वर्ष, उरकल्यावर एका दुपारी ती आली. शालीत अशी गुंडाळलेली की मला ओळखूच आली नाही. शाल उतरवली तेव्हा पाहिलं, दोन्ही गाल सोलून निघालेले, ओठांच्या कडांना चिरा, कपाळावर लाल चट्टे. बोलताना तोंड पुरतं उघडत नव्हती. उघडलं की कातडी तडकायची. तिनं पिशवीतून एक बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. आईनं जम्मूला जाताना दिली म्हणाली, लग्नापर्यंत रोज रात्री लाव, रंग उजळेल. तुझं पार्लरचं दुकान हिवाळ्यापुरतं बंद, बाकी कुणाकडे जायची लाज. लहानपणी, ते दुकान आपल्या दोघींचं असताना, तिथल्या बुखारीच्या शेगडीशेजारी माझ्या मांडीवर झोपायची, ते तिच्या लक्षात होतं म्हणून इथं आली.

मी झाकण उघडून वास घेतला. नाकात सुई टोचावी तसा. तो वास तुला सांगायला नको.

आचे, माझ्या मनात त्या वेळी काय आलं ते तुला कळायलाच हवं. पोरगी खुर्चीत डोळे मिटून पडली होती. मला काही करायचीही गरज नव्हती. "आईला कळतं, लावत राहा," एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. लग्न तोंडावर आलेलं, सासर निमूचं, मोठं घर. शब्द जिभेवर आले होते. तेवढ्यात तिनं डोळे न उघडताच विचारलं, "मावशी, डाग राहतील का?"

"नाही राहणार," मी म्हणाले.

मला दया आली असं समजू नकोस. तुझ्या लेकीचा चेहरा बिघडला असता, तर अख्खं लेह हळहळत तुझ्या घरी चहाला आलं असतं. तुझी कुणी कीव करावी हे मला नको होतं.

आधी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं आणि जखमा भरेपर्यंत दुसरं काही लावू नका म्हणाल्या. तेवढे दिवस मी फक्त तिला बुखारीपासून लांब बसवलं आणि खोलीत पाण्याचं पातेलं ठेवलं, हवा कोरडी पडू नये म्हणून. कातडी धरल्यावर मग माझं काम सुरू झालं. वाफ नाही, घासणं नाही. कोमट दुधात मऊ कापड बुडवून नुसतं टेकवायचं. सातूचं पीठ वस्त्रगाळ करून सायीत भिजवायचं, वाळायच्या आत उतरवायचं. आणि शेवटी जर्दाळूच्या बियांचं तेल, तळहातावर ऊब देऊन, बोटांनी दाबत. चोळायचं नाही. लहान बाळाला झोपेतून न उठवता टोपी घालावी तसा हात ठेवायचा.

हे मला कुणी शिकवलं ते तू जाणतेस. दोमखरला, माझ्या गावी, आमच्या अंगणातल्या दगडावर बिया वाटून आई ते तेल काढायची. आपल्या दुकानात तेच यायचं. तूही तोंडाला तेच लावायचीस.

आपली गिऱ्हाईक आंगमो, तिच्या लग्नाच्या हिवाळ्यात मी आईच्या आजारपणासाठी गावी गेले होते. दुकानात तू एकटी होतीस. दिल्लीहून आणलेली बाटली तू आंगमोच्या तोंडाला लावलीस, तिचा चेहरा भाजला, लग्न पुढे गेलं. आणि तू भर बाजारात सांगितलंस की चोरोलच्या आईचं तेल नासकं होतं. इतकी वर्षं तेच सांगून बहुतेक तुलाही ते खरं वाटू लागलं, नाहीतर तसलीच बाटली तू पोटच्या पोरीला दिली नसतीस. गिऱ्हाईक गेलं, दुकान तुझं झालं, ते मी गिळलं. पण ती गोष्ट माझ्याआधी दोमखरला पोचली. आईनं तेल काढायचा दगड कायमचा उलटा करून ठेवला. मी किती सांगितलं, पण तिला वाटायचं मी तिची समजूत काढतेय. शेजारणी तिच्या हातचा चहा घेईनात. "माझ्या हातून एका नवरीचं तोंड जळलं," असं म्हणत ती गेली. शेवटपर्यंत स्वतःचे तळहात बघत होती.

हे सगळं मी यांगडोलला सांगितलं. रोज थोडं थोडं, तिच्या गालावर तेच तेल दाबत. ती सुरुवातीला म्हणाली, माझी आई असं करणार नाही. मी वाद घातला नाही. आंगमोला बोलावून घेतलं. आंगमोनं बाटलीचा वास घेतला आणि झटकन झाकण लावलं. "हाच," म्हणाली. "ती म्हणाली होती, थोडं झोंबेल, सहन कर."

यांगडोल उठून बसली. "मलाही तेच म्हणाली," एवढंच बोलली. त्या दिवशी ती जेवली नाही.

आता तिचा चेहरा निवळलाय. एक डाग नाही. लग्नाच्या दिवशी तिला मीच तयार करायचं असा तिचा हट्ट आहे. आमंत्रणंही ती स्वतः करते आहे. आंगमोला केलं, आणि दोमखरला जाऊन आईच्या त्या सगळ्या शेजारणींना केलं. नवरी निघायच्या आधी बायका तुझ्याच चुलीभोवती बसतील. तिथं तू उभी राहायचंस आणि सांगायचंस की तेल चांगलं होतं, आणि बाटली कुणाची होती. तू नाही बोललीस तर आंगमो बोलेल. तुझी मुलगी तिच्या शेजारी बसणार आहे. मी तोंड उघडणार नाही, मी यांगडोलच्या मागे बसून तिच्या डोक्यावर पिरोजे जडवलेल्या पेराकाचे पट्टे बांधत असेन.

लग्न मोडेल ही भीती बाळगू नकोस. निमूच्या सासरच्यांना यांगडोलनं सारं आधीच सांगितलंय. त्यांना मुलगी हवी आहे. फक्त तिच्या आईबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

तू रडून माफी मागायला येऊ नकोस. आमच्या उंबऱ्यात पाऊलही टाकू नकोस. मला फक्त त्या बायकांसमोर, तुझ्या तोंडून, तुझ्या आवाजात ते ऐकायचं आहे. विमान मिळालं की ये. भाऊजींना नमस्कार सांग.

दोमखरच्या कुंझेसची मुलगी,
चोरोल