घरटी एक माणूस

आई, तुला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. शिक्षण नाशिकमध्येच झालं, नोकरीही इथेच, अंबडच्या एमआयडीसीत लागली, आणि तू मोजकं बोलायचीस, मी त्याहून कमी. तुला जाऊन बरीच वर्षं झाली. आता लिहितोय, कारण तू नानांसाठी मीटिंग शोधायला निघालीस ती संध्याकाळ हल्ली सारखी डोक्यात येते.

नानांची दारू घरात सगळ्यांना माहीत होती आणि कोणी तिचं नाव काढत नव्हतं. कारखान्यातून लेखी ताकीद मिळाली होती, पुढच्या वेळी घरीच बसवणार होते. भाजीबाजारात तुला कोणी सांगितलं, की दारू सोडलेली माणसं देवळालीकडे कुठेतरी जमतात, एकमेकांशी बोलतात, पैसे घेत नाहीत. नेमकं कुठे, ते त्या बाईलाही ठाऊक नव्हतं. मी चौकशी करतो म्हणालो आणि स्वतःच्या बापासाठी तेवढीही केली नाही. मग तू पदर खोचलास, मला बरोबर घेतलंस आणि नाना जिथे बसायचे त्या देशी दारूच्या दुकानात सरळ शिरलीस. मी लाजेनं बाहेरच थांबलो, पण आतलं सगळं ऐकू येत होतं. गल्ल्यावरच्या माणसाला तू विचारलंस, "दादा, तुमच्याकडं यायचं ज्यांनी बंद केलं, ते आता कुठं जातात?" आत हशा पिकला. एकजण ओरडला, "वर जातात, मावशी!" तू म्हणालीस, "ते मला बी ठाव हाय. जिते कुठं जातात ते सांग." मग कोणी हसलं नाही. गल्ल्यावरचा माणूस तुझ्याबरोबर दारापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "शाळेमागं समाजमंदिर आहे. रविवारी संध्याकाळी. आमची चांगली चांगली गिऱ्हाइकं गेली तिकडं."

नाना मात्र तयार होईनात. "मी काय बेवडा आहे?" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. म्हणून तू गेलीस. चांदवडकडच्या आपल्या गावात लग्न असो, मयत असो की पाण्याची बैठक, घरटी एक माणूस गेलंच पाहिजे. तुला वाटलं, इथेही तेच. तुला सोडायला आलो होतो म्हणून मी पाहिलं, आत सगळे पुरुष. लष्करातून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "ताई, घरच्यांची बैठक वेगळी असते. इथं पिणारे बसतात." तू म्हणालीस, "आमच्या घरचा पिणारा आला नाय. म्हणून मी आले. घरटी एक धरा ना." मग ते म्हणाले, "रविवारी सगळ्यांना खुलं असतं. बसा." आणि स्वतः खुर्ची उघडून दिली. त्यानंतर तू एक रविवार चुकवला नाहीस.

ते स्वयंपाकघर मला आजही दिसतं. तू भाकरी थापतेयस, नाना दारात उभे आहेत. "काय बोलतात तिथं?" ते विचारतात. "ते बाहेर सांगायचं नसतं." "कोण कोण येतं?" "ते पण नाय." "माझं नाव घेतेस का?" "तिथं आडनाव बी विचारत नाय." "मग एवढा वेळ करतेस काय?" तू भाकरी उलटतेस आणि म्हणतेस, "ऐकते." तू भांडली असतीस तर नानांना दार आपटून बाहेर जाता आलं असतं. पण आपल्याबद्दल काहीतरी चाललंय आणि ते आपल्यालाच कळत नाही, हे त्यांना सहन होईना. शेवटी एका रविवारी ते अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले. म्हणाले, "चल, बघतोच काय ते." तू पाटावरून उठलीसुद्धा नाहीस. "मग आज मी नाय येत. घरटी एकच असतं." नाना एकटे गेले. पुढे ते घसरले, परत गेले, पुन्हा घसरले, पुन्हा गेले, आणि तू गेलीस तेव्हा तुझ्या उशाशी पूर्ण शुद्धीत बसले होते. एवढं मोठं काम तू आवाज न चढवता केलंस. मला तेव्हा फक्त दुकानाबाहेर वाटलेली लाज आठवायची.

आता माझं सांगतो. मीही पितो, आई. चांगल्या हॉटेलात, ऑफिसच्या लोकांबरोबर सुरू झालं. नाशिकची वाइन म्हणजे द्राक्षाचाच रस, असंही म्हणून झालं. मग घरात, एकट्यानं. मीटिंगचा पत्ता मला फोनवर लगेच सापडला, पण तिथला जिना चढायला अख्खा पावसाळा गेला आणि हिवाळाही गेला. खाली पानाच्या टपरीवर उभा राहायचो आणि घरी यायचो. शेवटी तू दुकानाची पायरी कशी चढलीस ते आठवलं आणि वर गेलो. मुद्दाम घरापासून लांबची, पंचवटीतली मीटिंग निवडलीय. गेला महिनाभर प्यायलेलो नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहवलं. आज पुन्हा मीटिंगला निघायचंय. घरी मी सांगत आलोय, की गोदाकाठी फिरायला जातो. आत्ताच तुझी सून बाहेरच्या खोलीतून म्हणाली, "अहो, थांबा, आज मी पण येते. एवढं चालता आणि पोट तर जागचं हलत नाही!" ती बुटाच्या नाड्या बांधतेय. तिला काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही. पण नको म्हणालो नाही.