तुझ्या नावाची तळटीप

आई, आमचे सर माझ्या प्रबंधावर सही करायला तयार नाहीत, आणि कारण तू आहेस. तू गेलीस त्याला पंधरा वर्षं झाली, तरी काल नगरच्या कॉलेजात तासभर तुझ्यावरूनच वाद चालला होता. आपल्या गावच्या दूध संकलन केंद्रावर बाहेरच्या एका प्राध्यापकांनी केस स्टडी लिहिली होती, ती मी प्रबंधात वापरलीय. सर म्हणतात, लेखकाचं नाव, साल, शीर्षक, संस्था, पान, एवढं दिलं की संदर्भ पुरा. तो मी दिलाय, स्वल्पविरामही जागचा हललेला नाही. फक्त खाली तळटीप जोडलीय: घरचं दूध आधी तपासायची पद्धत अध्यक्षांनी सुरू केली असं केसमध्ये म्हटलंय, ते चूक आहे. ती त्यांच्या सुनेनं सुरू केली.

दुधाचा भाव फॅटवर ठरायचा, त्यावरून लोक रोज भांडायचे, मशीनच लबाड आहे म्हणायचे. मग तू आपली किटली सगळ्यांच्या आधी, सगळ्यांदेखत तपासायला लावलीस. आपल्याच दुधाला फॅट कमी लागतं, केंद्राचे अध्यक्ष असलेले आपले आबा ओट्यावरून डोळे वटारतायत, आणि तू मोठ्यानं सांगतेस, "आमचं बी कमीच लागलंय. लिवा." त्यानंतर कुणी मशीनला नावं ठेवली नाहीत. पुढं ते प्राध्यापक आले, ही युक्ती कुणाची म्हणून त्यांनी तुलाच विचारलं. आबा शेजारी खुर्चीत बसलेले. तू पदर सावरलास आणि म्हणालीस, "मामांनीच केलं समदं." सासऱ्यासमोर सून दुसरं काय बोलणार? आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही ते कळलं असतं. त्या भल्या माणसाला नाही कळलं. त्यानं ऐकलं तसं उतरवलं, आणि ज्यांनी ती केस उघडूनही पाहिली नाही ते एकमेकांच्या लेखांतून आबांचं नाव उचलत राहिले.

सर म्हणाले, "मुलीनं आईच्या बाजूनं साक्ष द्यायची, हे संशोधनात बसत नाही." मी म्हटलं, "मग सुनेनं सासऱ्यासमोर दिलेली साक्ष कशी बसते, सर?" शिवाय मी एकटीच्या भरवशावर नाही. तेव्हा दूध घालणाऱ्या तिघींच्या मुलाखती मी परिशिष्टात लावल्यात. शेजारच्या काकू तर म्हणाल्या, "तुजी आईच व्हती की. आमाला कुनी इचारलंच न्हाई." सर म्हणाले, "तळटीप काढा, उद्या सही करतो." नाही काढणार. महिनाअखेर मुदत संपते, तर संपू दे. इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात गेली तरी बेहत्तर. चुकीचं नाव बिनचूक लिहायला मी पुन्हा बसणार नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून सरांना जे सांगितलं नाही ते लिहिते. एम.कॉम.ला असताना मी पहिला निबंध लिहिला तो याच केसवर, आबांचं नाव घालून. त्याला बक्षीसही मिळालं. घरी येऊन तुला कौतुकानं वाचून दाखवत होते. तू भाकरी थापायची थांबलीस. "ह्यात मी न्हाई व्हय?" एवढंच विचारलंस. मला सगळं ठाऊक होतं, आई. तरी मी म्हणाले, "छापलंय तेच लिहायचं असतं," आणि पुढं वाचत राहिले.