चाकाखालचं लिंबू

२८ ऑगस्ट २०२५, रिसोड

आधी माफी. दोन वर्षांहून जास्त काळ या वहीत एक ओळ लिहिली नाही. वडील गेले तेव्हा थांबलो, मग थांबलेलंच राहिलं. आज लिहितोय कारण आज मी आनंदात आहे, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी आनंद इतका उघड असला तर नोंदवून ठेवलेला बरा.

अकोल्याहून इथल्या कॉलेजात बदली झाली. शिकवायचं तेच, भौतिकशास्त्र. निता खूश आहे, तिचं माहेर कामरगाव, म्हणजे जिल्हा घरचाच. घर गावाबाहेर, सोयाबीनला लागून. मालक कैलासचंद शेठ, मोंढ्यात त्यांचं धान्याचं दुकान. घर दाखवून झाल्यावर त्यांनी मागच्या पत्र्याच्या शेडचं दार लोटलं आणि ताडपत्री ओढली.

लाल गाडी. इंग्रजी बनावटीची, साठ सालच्या आसपासची, दोनच सीटची, टप उघडणारी. लांब बॉनेट, तारांची चाकं, लाकडी स्टिअरिंग. कॉलेजात असताना वसतिगृहाच्या भिंतीवर मी असल्या गाडीचं चित्र लावलं होतं. शेठजींच्या थोरल्या बंधूंनी ती मुंबईहून आणली होती. ते शिरपूरला दर्शनाला हीच घेऊन जात. ते वारल्यापासून ती उभी आहे. मी बॉनेटखाली किती वेळ डोकं घालून होतो कोण जाणे. शेठजी हसून म्हणाले, चालती करा सर, चालवा, आम्हालाही बघू द्या.

फक्त एक अट घातली. गाडीखाली लिंबू ठेवायचं नाही, कोहळा कापायचा नाही. त्यांच्या जैन धर्मात जीव समजून फळ कापलं तरी ती हिंसाच. लिंबू चिरडताना माणूस मनात काय चिरडतो, ते मोजलं जातं, असं ते म्हणाले. मला हा विचार आवडला. मी शब्द दिला.

१४ सप्टेंबर

रविवार सगळा शेडमध्ये. दोन्ही कार्बोरेटर उघडून साफ केले, नवे गॅसकेट घातले. ठिणगीचे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. इथल्या उन्हासाठी रेडिएटरला विजेचा पंखा लावला. जुन्या गाडीत नवं किती घालावं याची मला रुखरुख असते, म्हणून काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून पेटीत ठेवतोय.

सायलेन्सर झाळायला इंद्रभान आला होता. त्याचं बसस्टँडजवळ वेल्डिंगचं दुकान आहे. मी मडगार्ड पुसत होतो ते पाहून म्हणाला, "सर, हे गाडी हाये का नवरी? वहिनीले तरी इतकं पुसलं का कधी?" आतून निता ओरडली, "मले काय पुसतेत, भांडे पुसले तरी पुरे!" खूप हसलो.

इंजिन सुरू झालं, पण अडखळतं. मधेच एक ठोका गळतो. टायमिंग तपासलं, प्लग बदलले, तरी तेच.

२ ऑक्टोबर, दसरा

शब्द मोडला. लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

आमच्या गल्लीतल्या सगळ्या गाड्यांना झेंडूचे हार आणि चाकांखाली लिंबं. शेजारच्या धुरपताबाई कोंबड्या हाकत फाटकाशी आल्या. "काहून मास्तर, गाडीले लिंबू नाई? उपाशी ठेवून राह्यले का तिले?" निताही माझ्याकडे बघत राहिली. पहिल्यांदाच गाडी रस्त्यावर न्यायची होती, अपशकुन कशाला, असा तिचा चेहरा. मी स्वतःला सांगितलं की अट श्रद्धेची आहे आणि शेठजींना दिसणार नाही. दिसणार नाही म्हणून केलेलं काम कसलं असतं, हे मी मुलांना सांगत आलोय.

चार लिंबं मीच ठेवली. क्लच सोडला, चाकं वरून गेली, आणि त्याच क्षणी इंजिनाचा अडखळा गेला. पार गेला. मेहकर रस्त्याला निताचे केस उडत होते आणि आवाज असा सलग, जसा नव्या गाडीचाही नसतो.

योगायोग. कार्बोरेटरमधला कचरा धक्क्याने निघाला असेल.

९ ऑक्टोबर

अडखळा परत आला. टायमिंग बरोबर, ठिणगी बरोबर, पेट्रोल स्वच्छ. एकेक शक्यता तपासून बाद केली. निता म्हणाली, पुन्हा लिंबू ठेवून पहा. हसण्यावारी नेलं, मग ठेवलं. काही फरक नाही.

दुपारी गाडी शेडमध्ये मागे घेताना धुरपताबाईंची कोंबडी मागच्या चाकाखाली आली. हाडं मोडल्याचा आवाज सीटमधून पाठीत आला. उतरून पाहिलं, तारांमध्ये पिसं आणि आतडी अडकली होती, एक पाय अजून हलत होता.

इंजिन चालूच होतं. एकसुरात. मी बंद करायला वाकलो आणि थोडा वेळ ऐकत राहिलो. हे मी का लिहितोय? कारण ऐकत राहिलो हे खरं आहे.

१६ ऑक्टोबर

प्रयोग म्हणून कोहळा आणला, कापून आत कुंकू भरलं, चाकाखाली ठेवला. काही नाही. खोटं तिला कळतं, असं वाक्य मनात आलं. मी भौतिकशास्त्राचा माणूस आहे.

मग संध्याकाळी उन्हं असतानाच धुरपताबाईंचं करडू. काळं, कपाळावर पांढरा टिळा. फाटकाच्या बाहेर रस्त्यात उभं होतं, माझ्याकडे बघत होतं. ब्रेकवर माझा पाय होता. आधी होता की नंतर आला, हे मला ठरवता येत नाही. दोन्ही चाकं वरून गेली. त्याचं डोकं डांबराला चिकटलं.

धुरपताबाईंनी ते पदरात उचललं. पदरातून रक्त त्यांच्या पायावर गळत होतं.  "मास्तर, तुमी पाह्यलं त्याले," म्हणाल्या. "पाह्यलं अन् दाबली गाडी. म्या डोयानं देखलं."

नंतर मोकळ्या वावरात ब्रेक तपासला. चारही चाकं एकदम थांबतात. ब्रेकमध्ये दोष नाही. मग दोष कशात, हा प्रश्न उरतो आणि त्याला एकच उत्तर उरतं.

इंजिन इतकं सुंदर कधीच चाललं नव्हतं.

१९ ऑक्टोबर

शेठजी आले. गावात गोष्ट पसरली आहे. शेडमध्ये जाऊन त्यांनी चाकांकडे पाहिलं, हात लावला नाही. दसऱ्याला काय केलंत, एवढंच विचारलं. मी सांगितलं.

ते पायरीवर बसले. निताने पाणी दिलं, ते घेतलं नाही. मग म्हणाले, "माझ्या भावानं शेवटपर्यंत तिची बोहनी होऊ दिली नाही. ती तुम्ही केली, सर." भाऊ म्हणायचे, यंत्राला पेट्रोल पुरतं, त्याच्यासमोर मारण्याचं नाटकसुद्धा करू नये, नाटक आणि खरं यातला फरक माणसाला कळतो, सगळ्यांना कळत नाही. मी विचारलं, आता काय करू? त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, कापा तिला, तुकडे करून भंगारात घाला, माझी परवानगी आहे.

दिवाळी झाली की इंद्रभानला बोलावतो. तोवर बॅटरी काढून ठेवली आहे.

२४ ऑक्टोबर

इंद्रभान गेला.

नीट लिहायला हवं. गाडी जॅकने उचलून चार स्टँडवर ठेवली. खाली मुरूम होता, तरी मी स्वतः फळ्या टाकल्या, स्वतः हलवून पाहिली. इंद्रभान खाली सरकला, गॅस कटरची नळी ओढून घेतली. म्हणाला, "नवरीले कापाले बोलावलं ना सर शेवटी? वरून हात लावू नोका, बस." मी डाव्या बाजूला उभा होतो.

गाडी खाली आली. आवाज मोठा नव्हता. बरगड्यांचा होता, सुकी तुराटी पायाखाली मोडावी तसा. त्याच्या टाचा मुरूम खणत राहिल्या. गॅसची ज्योत त्याच्या मांडीवर पेटती पडली होती आणि जळालेल्या मांसाचा वास— मी जॅक लावला, वर उचलली, ओढून काढलं. तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. त्याला मला हाक मारायची होती. "स—" इतकंच आलं. वाशीमच्या वाटेवर संपला.

पोलिसांनी लिहिलं, स्टँड घसरला. गाडी हलवू नका, असं सांगून गेले.

२५ ऑक्टोबर

मी काल घातलेली पँट निताने धुवायला घेतली. खिशात स्टँडला उंचीवर अडवून ठेवणारी खीळ निघाली.

मी ती काढलेली मला आठवत नाही. आठवत नाही असं लिहिताना बोटांना मात्र ती खीळ ओढतानाचा जोर आठवतो.

निताला सगळं सांगितलं. कोंबडी, करडू, खीळ. ती भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, "तुमाले डॉक्टरले दाखवू आपन. मी माह्या भावाले, विनोददादाले घेऊन येते." मी म्हणालो, जा, आणि येऊ नकोस. घरात आता तू एकटीच उरली आहेस, कळतंय का तुला?

कळलं तिला. दुपारच्या गाडीने कामरगावला गेली. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

२७ ऑक्टोबर

किल्ली शेठजींच्या हातात दिली. त्यांनी ती दूर धरली.

परत आलो. बॅटरी जागेवर होती. मीच बसवली असेल. दोन तारा जोडल्या, किल्ली लागतच नाही. इंजिन सुरू झालं— तो आवाज— इंद्रभानच्या घरून रडणं ऐकून आलो होतो आणि इथे उभा राहून मी हसत होतो. आरशात पाहिलं. हसत होतो.

गाडी पडताना ब्रेकची नळी तुटली होती. नवी टाकली. का टाकली? गाडी कापायची होती ना?

२९ ऑक्टोबर

घणाने बॉनेट फोडायला गेलो. पहिला घाव माझ्या डाव्या हातावर. दोन बोटं चेंदली. चुकला नाही. नेम धरून मारला.

तिला ते पुरलं नाही. अडखळते आहे. दिवसभर अडखळते. बंद असतानाही ऐकू येतं—

माझं रक्त चालत नाही. ज्याचा हात चाक फिरवतो त्याचं नको. दुसऱ्याचं—

३० ऑक्टोबर

निताला फोन केला. मी.

सांगायचं होतं येऊ नकोस. तोंडातून निघालं, बरा आहे, ये, एकटीच ये, वाटलं तर दादा मागून येईल. गोड बोललो. इतकं गोड मी तिच्याशी कित्येक वर्षांत बोललो नाही. ती रडली. म्हणाली, उद्या सकाळी निघते.

परत लावला. लावला की ठेवला. दहादा— बोललोच नाही. फोन विहिरीत टाकला, म्हणजे आता तिला अडवताही—

३१ ऑक्टोबर

आली. माझ्या बोटांना हळद लावली. जेवायला केलं. दादा परवा येतो म्हणाली.

मी म्हणालो गाडी विकून टाकू, गिऱ्हाईक आलंय, फक्त ब्रेक नीट करून द्यायचे. नव्या नळीत हवा आहे. एकट्याने निघत नाही, दोन माणसं लागतात. एक पेडलवर, एक गाडीखाली. ती म्हणाली, "माह्या हातानं व्हत असन तं करते ना." विश्वासाने म्हणाली—

मी खाली जाणार. ठरवलंय. ती वर, मी खाली. लिहून ठेवतो म्हणजे बदलणार नाही. मी खाली.

वर वाचलं. ‘निता खाली’ लिहिलं होतं. खोडलं. परत वाचलं— परत तेच— उजवा हात धरून ठेवला तर डाव्याच्या उरलेल्या—

ती झोपली आहे. जागी कर. सांग. पळ म्हणून सांग, आत्ता—

उद्या : ब्रेकमधली हवा काढणे. पेडलवर मी, खाली