निळ्या झाकणाचं पातेलं

काकू, आज तुमच्या चर्चच्या किचनमध्ये आम्ही सगळ्या द्राक्षाची पानं वळत बसलो होतो. शेजारच्या नव्या बाईनं गुंडाळी फार घट्ट केली, तशी माझ्या तोंडून तुमचंच वाक्य निघालं, “टाइट नको, हनी, तांदळाला फुगायला जागा ठेव.” अमेरिकेत, या श्रूजबरीत आले तेव्हा मी डिपेंडंट व्हिसावर नुसती घरात बसून होते. तुम्ही शेजारीण. हाताला धरून मला तुमच्या चर्चमधल्या आर्मेनियन बायकांच्या त्या लांब टेबलाशी नेऊन बसवलंत. पहिल्याच दिवशी मी भीत भीत विचारलं, यात मटण नाही ना, मी व्हेजिटेरियन आहे. तुम्ही हसलात. “उपासाची पानं आहेत गं, आमच्या उपासात मटण नसतंच, नुसता भात आणि कांदा.” माझा हात अळूवड्या वळलेला, दुपारपर्यंत तुम्ही माझी पानं सगळ्यांना दाखवत फिरत होतात. इतकं बरं वाटलं होतं म्हणून सांगू!

२००३ मध्ये माझी आई गेली. व्हिसाचे कागद अडकलेले, जाता आलं नाही. फोन ठेवला आणि फरशीवरच बसले. आमच्याकडे ज्या घरात माणूस जातं तिथे चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात आणून देतात. इथे कोण आणणार? तेवढ्यात दार वाजतं. तुम्ही उभ्या, हातात निळ्या झाकणाचं पातेलं. लोण्यात लालसर परतलेल्या शेवया घातलेला भात, तुमचा पिलाफ. “अशा दिवशी घरच्यांनी शिजवायचं नसतं,” म्हणालात आणि मला जवळ घेऊन माझ्याआधी तुम्हीच रडलात. आणि मी काय केलं? पिलाफला कोंबडीचं पाणी लागतं, हे मी चर्चमध्ये डोळ्यांनी बघितलं होतं. तुम्ही गेल्यावर सगळा भात पिशवीत बांधून कचऱ्यात टाकला. पातेलं रिकामं कसं द्यायचं, म्हणून बेसनाचे लाडू घालून परत केलं आणि म्हटलं, “खूप छान झाला होता.”

झालं! बोलून बसले. मग मुलगी झाली तेव्हा पिलाफ, नवऱ्याचा जॉब गेला तेव्हा पिलाफ, स्नोमध्ये अडकलो तेव्हा बर्फ तुडवत पिलाफ. दर वेळी भात कचऱ्यात, दर वेळी माझं “छान”. माझे लाडू तुम्ही कॉफीबरोबर कणसुद्धा न ठेवता खायचात आणि गावभर सांगायचात, या पोरीला माझा पिलाफ फार आवडतो. आता खरं सांगायला तोंड होतं कुठे?

चार वर्षांनी तुम्ही गेलात. दफनानंतरच्या जेवणाचा स्वयंपाक बायकांनी वाटून घेतला आणि पिलाफ माझ्या गळ्यात पडला. “तिचा पिलाफ तुझ्याइतका कुणी खाल्लाय?” मेले! चव माहीत नाही, आणि दीडशे माणसं जेवायची. शेवया परतल्या, तांदूळ घातला. कोंबडीचं पाणी ओतणार, तर तुमची धाकटी बहीण म्हणाली, “थांब, आधी तुझा वेगळा काढ. छोट्या पातेल्यात, नुसत्या पाण्यात. तुझा ती नेहमी तसाच करायची. कोंबडीला लागलेला चमचासुद्धा त्यात घालू द्यायची नाही.”

मी पॅन्ट्रीत जाऊन टॉवेल तोंडावर दाबून रडले. काकू, पहिल्या दिवशी विचारलेलं तुम्ही लक्षात ठेवलं होतंत, आणि मला चार वर्षांत एकदाही विचारायचं सुचलं नाही.

आता कुणाच्या घरी कुणी वारलं की, तुमच्या बहिणीनं मला दिलेलं ते निळ्या झाकणाचं पातेलं घेऊन मीच जाते. काय चालतं, काय नाही, आधी विचारते. आज तुमच्या बहिणीनं माझा पिलाफ खाल्ला आणि म्हणाली, “अगदी तिच्यासारखा झालाय, नाही?” मी म्हटलं, “छे, तिच्या हाताची सर नाही.” टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून लिहिते: तुमच्या पिलाफचा एक घाससुद्धा मी कधी खाल्लेला नाही, आणि आजही खोटंच बोलले.